परड्यातले पक्षी, जाऊबाई आणि पेव्हिंग ब्लॉक

पत्र, थोडक्यात: ताईंचं वय 53. कोल्हापुरातल्या जुन्या पेठेत एकत्र घर, खाली त्या, मालक आणि सासरे, वर दीर-जाऊ. मागचं परडं सामाईक. त्यात एक उंबर, एक शेवगा, पेरू, जास्वंद, कर्दळीची दाटी आणि अंघोळीचं पाणी तापवायचा बंब. पुण्याला नोकरीला असलेल्या मुलानं दोन वर्षांपूर्वी त्याचा जुना डीएसएलआर कॅमेरा आणि लांबचं जवळ दाखवणारी 70-300 ची लेन्स घरी ठेवली आणि ताईंना पक्ष्यांचा नाद लागला. पाखरं यावीत म्हणून भिंतीवर मूठभर ज्वारी टाकायला लागल्या, मुठीचा आता रोजचा किलो झालाय, आणि आलेत कोण तर पारवे, चाळीस-पन्नास. जाऊबाईंचं वाळवण घाण होतं, सासऱ्यांना दमा आहे त्यांचा खोकला वाढलाय. जाऊबाईंनी फर्मान काढलंय की उन्हाळा लागला की शेवगा तोडायचा आणि अख्ख्या परड्यात पेव्हिंग ब्लॉक घालायचे. मालक म्हणतात तुमचं तुम्ही बघा. त्यात फोटो सगळे धूसर येतात, पक्ष्यांच्या ग्रुपवर एक जण म्हणतो 600 ची लेन्स घ्या, दुसरा म्हणतो मोबाईलवर आवाज लावा, पक्षी पुढ्यात येतो. ताई विचारतात की ऐन थंडीत दाणे बंद केले तर पाखरं उपाशी मरतील का, लेन्ससाठी एफडी मोडू का, आणि ह्या वयात एवढ्या-तेवढ्यासाठी घरात भांडण काढण्यापेक्षा कॅमेरा कपाटात ठेवून द्यावा का. सोबत पाच फोटो पाठवलेत.

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना मी पूर्ण तुमच्या बाजूला होते, म्हटलं काय ही जाऊ, बाईमाणसानं चार पाखरं बघितली तर हिच्या पोटात का दुखावं. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका ओळीला अडखळले. ती ओळ तुम्ही तक्रारीच्या भरात लिहून गेलाय त्यामुळं तुमच्या ध्यानात आली नसणार. तिच्याकडं नंतर येते, आधी पारव्यांचं उरकून घेऊ कारण त्यात एक आजारी म्हातारं माणूस आहे.

दाणे बंद करा. ह्यात मी काही दोन्ही बाजू बघत बसणार नाही. पारव्यांची घाण वाळली की तिची धूळ होते, पिसांची भुकटी त्यात मिसळते आणि ती रोज श्वासातून आत जात राहिली तर धडधाकट माणसाच्या फुफ्फुसालासुद्धा सूज येऊ शकते, इथं तर सासऱ्यांना आधीच दमा. मुंबईत 2025 मध्ये कबुतरखान्यांवरून प्रकरण हायकोर्टात गेलं, दादरचा कबुतरखाना ताडपत्री घालून झाकला, लोक रस्त्यावर आले, ते तुम्ही टीव्हीवर बघितलं असेलच. पुण्य मिळवायला निघालेल्या माणसांचा जीव तुटत होता हे मला कळतं, पण खोकणाऱ्या माणसापुढं ते पुण्य मला जरा हलकंच वाटतं. भिंतीवर आणि पत्र्यावर जे साचलंय ते कोरड्या खराट्यानं झाडू नका हं, तीच तर धूळ उडते, आधी पाणी मारून भिजवा, नाकातोंडाला मास्क लावा आणि मग खरवडून काढा, तेवढा वेळ सासऱ्यांना पुढच्या सोप्यात बसवा. आणि डॉक्टरांकडं जाल तेव्हा घरामागं दोन वर्षं पारवे बसत होते हे आपणहून सांगा, कारण ते विचारतीलच असं नाही आणि आपल्या तर डोक्यातच येत नाही.

आता उपाशी मरण्याचं.

थंडीत पाखरांना खायला घालायचं हे मूळचं जिथं बर्फ पडतो तिथलं. तिथं जमीन दगडासारखी होते, किडा म्हणून मिळत नाही, दिवस एवढासा आणि रात्र संपता संपत नाही, त्या एका रात्रीत इवल्या जिवाची साठवलेली चरबी जळून जाते, तिथं मूठभर दाण्यानं खरंच जीव वाचतो. आपल्याकडं काय आहे सांगा. जानेवारीत पहाटे कानटोपी घालून रंकाळ्याला फेरी मारायला गेलेली माणसं नऊ वाजता स्वेटर कमरेला बांधून मिसळ खायला बसलेली असतात. शिवारात ऊस तुटतोय, ज्वारी हुरड्याला आलीय, हरभऱ्याला घाटे धरलेत, शेवगा फुलायला लागलाय. पाखरांच्या हिशेबानं ही सुगी आहे. थंडी काढायला लांबलांबची पाखरं उलट आपल्याकडं येतात ती ह्यासाठीच.

आणि मला एक सांगा, तुम्हाला ज्यांचे फोटो पाहिजेत त्यातलं ज्वारी खातंय कोण? थिरथिरा खातो किडे-मुंग्या. तो हिरवट, सतत चुळबुळणारा पर्णवटवट्या पानांच्या पाठीमागचे बारके किडे वेचतो. नाचण शेपटीचा पंखा करून हवेतली चिलटं धरतो, करडा धोबी मोरीच्या ओलीत फिरतो तो तिथल्या अळ्या-किड्यांसाठी, दयाळ पालापाचोळा उलथून किडे-गांडुळं काढतो. शिंजीर आणि चष्मेवाला फुलातल्या मधावर, जोडीला किडे. तांबट, बुलबुल, कोकिळा ही सगळी उंबराची गिऱ्हाईकं. म्हणजे ज्यांच्यासाठी म्हणून तुम्ही दोन वर्षं किलोकिलोनं ज्वारी ओतली ते ज्वारी नसती तरी आले असते, कारण त्यांचं काम शेवग्याशी, उंबराशी आणि कर्दळीखालच्या कुजलेल्या पाल्याशी आहे. ज्वारीनं फक्त पारवे आणले.

फक्त चिमण्यांचा प्रश्न राहतो, तुम्ही लिहिलंय की सहा-सात चिमण्या पण असतात आणि त्यांच्यासाठी तुमचा जीव तुटतो. तर ह्याला आपल्याच भागातला जुना तोडगा आहे. पूर्वी भात निघालं की लोंब्यांचा झुपका बांधून वळचणीला किंवा दाराला टांगायचे, अजूनही खेड्यात कुठंकुठं टांगतात. चिमणी आणि मुनिया लोंबीला उलटीसुलटी लटकून दाणा काढतात, पारव्याला ते जमत नाही, एवढं जड धूड लटकणार कुठं. आजऱ्याकडं, चंदगडाकडं, राधानगरीकडं कुणी पाहुणे असतील तर चार पेंढ्या मागवा. लोंब्याही सोप्यात, रस्त्याच्या बाजूला टांगा, परड्यात नको, म्हणजे परड्यातला दाण्याचा विषयच संपला. आणि ते भडंग घालणं बंद करा, तुम्ही लाजत लाजत लिहिलंय म्हणून सांगते. मीठ-तिखट-तेलाचं काही घालू नये. कोल्हापूरचं पाखरू झालं म्हणून काय त्याला भडंग?

पाणी मात्र ठेवा. खापराची उथळ परात, दोन बोटांपेक्षा जास्त पाणी नको, मधे एक दगड म्हणजे बारक्या पाखराला पाय ठेवायला होईल. झाडीपासून चार-पाच फूट मोकळ्यावर, नाहीतर कर्दळीत दबा धरून बसलेल्या मांजराची सोय होते. रोज सकाळी पाणी ओतून द्यायचं, काथ्यानं परात घासायची आणि नवीन भरायचं, एक दिवसही चुकवायचं नाही. जाऊबाई उद्या डासांचं नाव काढतीलच आणि त्यांचं बरोबरच असेल, पण डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडेपर्यंत आठवडाभर लागतो, रोज उपसलेल्या पाण्यात त्याचं काही होत नाही. हे काम जमणार नसेल तर परात ठेवू नका.

आता शेवगा. मला वाटतं तुम्ही भांडताय ते चुकीच्या गोष्टीसाठी. तुम्ही ज्वारी धरून बसलाय, ज्याचा तुमच्या पाखरांना काडीचा उपयोग नाही, आणि त्या रागापायी शेवगा चाललाय ज्याच्यावर निम्मं परडं जगतंय. ज्वारी सोडून द्या आणि शेवगा मागून घ्या. पण त्याच बैठकीत एका हातानं द्यायचं दुसऱ्या हातानं घ्यायचं असं करू नका, ते बाजारातल्यासारखं होतं. आधी दाणे बंद करा, भिंत धुऊन काढा, पारवे पांगू देत, आठ-दहा दिवस येऊन बसतील आणि मग दुसरीकडं वळतील, जाऊबाईंना पापड-सांडगे निर्धास्त घालू देत, आणि त्यानंतर महिन्याभरानं शेवग्याचा विषय काढा. ज्याचं गाऱ्हाणं खरं होतं त्याला ते खरं होतं एवढं कबूल केलं की पुढचं बोलणं निम्मं सोपं होतं, हे मी माझ्या सासरच्या अनुभवावरून सांगते, नणंदेची एक गोष्ट मान्य करायला मला अकरा वर्षं लागली होती, जाऊ दे ते.

आणि बोलताना त्यांना विचारा की परड्याचं नेमकं काय सलतं. मला दोन गोष्टींचा संशय आहे. एक म्हणजे पावसाळ्यातला चिखल. जून ते सप्टेंबर बंबापर्यंत आणि कपड्याच्या तारेपर्यंत चिखल तुडवत जायचं आणि तेच पाय घेऊन वर जिना चढायचा, फरशी कोण पुसतं? पेव्हिंग ब्लॉकचं खूळ तिथून आलेलं असणार. मग मागच्या दारापासून बंबापर्यंत आणि तिथून तारेपर्यंत तीन फुटांची शहाबादी फरशी टाका, हवंतर ब्लॉकच टाका, बाकीची माती राहू द्या. माती झाकली की मुंगी गेली, गांडूळ गेलं, आणि मग थिरथिरा आणि दयाळ जमिनीवर उतरतील कशाला. दुसरी गोष्ट सुरवंट. पावसाळ्यात शेवग्याच्या खोडाला केसाळ सुरवंटांचे गठ्ठे लागतात, कपड्यात एक गेला की अंगाला आग, त्याचा राग येणारच. दिवसा ते खोडाला एकत्र चिकटून बसतात तेव्हाच लांब काठीच्या झाडूनं पाडून साबणाच्या पाण्यात टाकायचे, हातमोजे घालून, आणि हे काम तुम्ही करायचं, नाद तुमचा आहे ना. पावशा आणि चातक हे असले केसाळ सुरवंट खातात, पण त्यांच्या भरवशावर बसू नका. शेंगा संपल्या की मे महिन्यात शेवगा छातीएवढ्या उंचीवर छाटून घ्या, त्याला छाटणी मानवते, परत फुटतो, आणि वाऱ्यात फांदी मोडून पत्र्यावर पडायची भीती पण जाते.

कायद्याचं सांगून ठेवते, कारण आज ना उद्या तुम्हाला कुणीतरी सांगणारच आहे. महाराष्ट्रात शहरातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, स्वतःच्या परड्यातलं झाड तोडायचं असलं तरी महापालिकेची परवानगी लागते. हे माहीत असू द्या आणि तोंड बंद ठेवा. एकाच जिन्यावर चढणाऱ्या दोन बायकांत एकदा अर्ज आणि नोटीस आली की पुढची वीस वर्षं हळदीकुंकवाला पण पाठ फिरवून बसायची पाळी येते. उंबराची मला काळजी नाही. नरसोबाच्या वाडीला जाऊन औदुंबराला प्रदक्षिणा घालणारं घर परड्यातल्या उंबराला कुऱ्हाड लावत नाही.

आता ती ओळ. तुम्ही लिहिलंय, "जाऊ म्हणते कसली एवढी नवलाई, तो शेपटी थरथरवणारा काळा पक्षी दरवर्षी दसरा झाला की बंबापाशी येतो आणि होळीच्या सुमाराला जातो, मी लग्न होऊन आल्यापासून बघतेय, त्याचा काय फोटो काढायचा." आणि पुढं लिहिलंय की बघा किती तुच्छतेनं बोलते.

ताई, हे तुच्छतेनं बोललं असेलही. पण तुमच्या अख्ख्या पत्रातलं पक्षीनिरीक्षण म्हणावं असं एकच वाक्य कुठलं असेल तर ते हे आहे. तो काळा पक्षी म्हणजेच थिरथिरा. थिरथिरा हा आपला नव्हे, तो हिमालयात, तिबेटात आणि मध्य आशियाच्या डोंगराळ भागात वीण करतो आणि ऑक्टोबरात आपल्याकडं उतरतो, मार्च-एप्रिलमधे परत जातो. दसरा ते होळी. पुस्तकात जे लिहिलंय ते जाऊबाईंनी पुस्तक न उघडता सांगितलं, आणि जागेसकट सांगितलं. बंबाशेजारी जळणाचा ढीग असणार, त्यात किडे, तो तिथं बसणार नाही तर कुठं. हा पक्षी थंडीत सहसा आपला इलाखा धरून राहतो, त्याच त्याच जागांवर बसतो, दुसरा आला तर हाकलतो. तुम्ही दोन वर्षं कॅमेऱ्यातून बघताय, त्या चोवीस वर्षं सकाळी सहाला बंबाला जाळ घालता घालता बघतायत. तुमच्या मनात असं बसलंय की तुम्हाला पाखरं आवडतात आणि त्यांना आवडत नाहीत. मला पत्रावरून तसं वाटत नाही. त्यांना पारवे आवडत नाहीत आणि चिखल आवडत नाही, ते तर मलाही आवडत नाही.

लगेच त्या दुर्बीण मागतील आणि तुम्ही दोघी जोडीनं कळंबा तलावावर पाखरं बघायला जाल असलं काही मी म्हणत नाही, तसं होणार पण नाही बहुतेक. पण विचारून बघा की कुठल्या वर्षी तो उशिरा आला होता का, कधी आलाच नाही असं झालं का, तपकिरी रंगाचा, शेपटी तशीच विटकरी, असा पण येतो का, ती मादी असते. नुसतं विचारा आणि वहीत लिहून ठेवा. कुणाला आपलं बोलणं लिहून घेतलेलं आवडत नाही?

फोटोंकडं येते. एफडीला हात लावू नका. लाखाच्या घरातली, दोन किलोची लेन्स गळ्यात अडकवून तुम्ही मागच्या दारात उभ्या राहिलात तरी फोटो धूसरच येतील, कारण दोष लेन्सचा नाहीच. तुम्ही लिहिलंय की मालकांचा डबा करायच्या आधी, पावणेसात-सातला फोटो काढता. जानेवारीत आपल्याकडं सूर्यच सातच्या सुमाराला उगवतो, त्यात बंबाचा धूर आणि धुकं. एवढ्या अंधारात कॅमेरा ऑटोवर टाकला की तो शटर हळू करतो, पाखरू तोपर्यंत तीनदा मान वळवतं, तुमचा हात हलतो, मग धूसर. साडेआठ ते दहा ह्या वेळात काढा, ऊन तिरपं असतं, परड्यात पोचलेलं असतं आणि अजून कडक झालेलं नसतं. ऊन तुमच्या पाठीकडून यायला पाहिजे. शटर प्रायॉरिटीवर टाका, म्हणजे शटरचा वेग तुम्ही ठरवायचा, 800 च्या (सेकंदाचा आठशेवा भाग) खाली येऊ नका, शिंजीर असेल तर 1000-1250, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ऑटो पण 3200 पर्यंतची मर्यादा घालून, थोडे दाणेदार आले तर येऊ देत. फोकसचा एकच ठिपका ठेवा आणि तो डोळ्यावर. काळा पक्षी उजळ आभाळापुढं असला तर नुसती सावली येते, तेव्हा एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा, म्हणजे उजेड दुप्पट होईल, किंवा सरळ त्याच्यामागं भिंत येईल असं बघा.

आणि उभ्या राहू नका. स्वयंपाकघराच्या खिडकीत स्टूल टाकून बसा, डासांची जाळी सरकवा, जाळीतून काढलेला फोटो चांगला येत नाही. जुनी गडद साडी पडदा म्हणून लावा आणि लेन्सपुरती फट ठेवा. पाण्याची परात खिडकीपासून दहा-बारा फुटांवर आणा, बाजूला शेवग्याची एक वाळकी फांदी मातीत रोवा, पाखरू पाण्यावर उतरण्याआधी फांदीवर बसून इकडंतिकडं बघतंच, तो तुमचा फोटो. कॅमेरा टेकवायला उंबऱ्याएवढ्या त्या खिडकीच्या कट्ट्यावर ज्वारीची दोन किलोची पिशवी ठेवा, कापडी, तोंड शिवून. लोक विकत आणतात बीनबॅग, तुमच्याकडं तर ज्वारी आता शिल्लकच राहणार आहे.

300 ची लेन्स आणि बारा फुटांचं अंतर, ताई, ह्यापेक्षा जास्त काही लागत नाही. तुमच्या पाचातला दुसरा फोटो, ज्याला तुम्ही "नाव कळेना, पिवळं पोट आणि त्यावर कुणी काळी रेघ मारल्यासारखी" असं लिहिलंय, तो जांभळा शिंजीरच आहे, नर. वीण संपली की हा गडी आपला झळाळता निळा-जांभळा अंगरखा उतरवून ठेवतो आणि मादीसारखा पिवळट होतो, गळ्यापासून पोटापर्यंत तेवढी काळी रेघ राहते. आता जानेवारीत त्या रेघेच्या कडेनं जांभळे डाग उमटायला लागतील, पंधरा-वीस दिवस गोधडीला ठिगळं लावल्यासारखा दिसेल आणि मग एक दिवस अख्खा जांभळा. तुम्ही त्याच जास्वंदीसमोर त्याच जागेवरून दर चार दिवसांनी एक फोटो काढलात ना, धूसर का असेना, तर पाखराचं कपडे बदलणं तुमच्याकडं क्रमानं येईल. दुर्मिळ पक्ष्यामागं गाडी काढून पळणाऱ्यांना हे मिळत नाही, कारण रोज एकाच जास्वंदीपुढं बसायला घरात असावं लागतं.

मोबाईलवर आवाज लावायचं सांगणाऱ्याचं ऐकू नका. मी केलंय ते. पाच-सहा वर्षं झाली, मार्च लागला होता, आमच्या दारातला दयाळ गायला लागला होता आणि मला त्याचा समोरून फोटो पाहिजे होता. कुंडीत मोबाईल लपवला आणि दयाळाचंच गाणं लावलं. एका मिनिटात आला. कुंडीच्या कडेवर बसला, चोच उघडी, छाती फुगवलेली, शेपटी पाठीवर उलटी घेतलेली, हातभर अंतरावर, मी धडाधड काढत सुटले. फोटो असला भारी आला की दोन दिवस सगळे विचारत होते की एवढी पोज कशी दिली त्यानं. रात्री मोठा करून बघितला तेव्हा कळलं की तो पोज देत नव्हता, तो भांडायला आला होता. त्याच्या घरात कुणीतरी घुसलंय आणि दिसत नाहीये. मी मोबाईल बंद केल्यावर पण किती तरी वेळ तो गाणं सोडून नुसता कुंड्यांमधून शोधत फिरत होता. तो फोटो मी नंतर कुणाला दाखवला नाही. मर्लिनसारखं ॲप आवाज ऐकून पक्षी ओळखायला वापरा, त्यात चूक नाही, पण इअरफोन लावून. पाखरांना काही ऐकवायचं नाही.

"नोंद घेण्यासारखं आमच्या परड्यात काय येणार" असं तुम्ही दोन ठिकाणी लिहिलंय. 2023 मध्ये भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा जो मोठा अहवाल आला, 942 जातींचा, तो तीस हजारांवर हौशी माणसांनी ई-बर्ड ह्या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलेल्या नोंदींवर उभा आहे. त्यात बुलबुल, साळुंकी, चिमणी ह्यांच्या नोंदी लागतातच, नाहीतर कोण कमी झालं आणि कोण वाढलं हे कळणार कसं. फेब्रुवारीच्या मध्यावर चार दिवस परसबागेतल्या पक्ष्यांची गणना असते, भारतात 2013 पासून होते, पंधरा मिनिटं एका जागी बसायचं आणि जे दिसतील ते मोजून लिहायचं, बस. कॅमेरा लागत पण नाही. पारवे पण मोजायचे हं, तोवर राहिले असतील तर.

तर कॅमेरा कपाटात ठेवू नका. ज्वारीचा डबा ठेवा.

जाता जाता तुमच्या चौथ्या फोटोबद्दल. "थिरथिरा, एकदम वाया गेलेला" असं लिहिलंय त्याखाली. कपड्याच्या तारेवर तो खरंच एक काळा ठिपका आहे, नुसता विटकरी फराटा दिसतो पोटाचा. पण त्याच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, बंबाच्या धुरात एक हात आलाय, जळण आत सारणारा, हिरव्या बांगड्यांचा. तो हात तुमचा नसणार, तुमच्या हातात त्यावेळी कॅमेरा होता. तो फोटो डिलीट करू नका, आणि पुढच्या वेळी शटर 800 वर ठेवा.